आबांचं ठरत नव्हतं

कॉम्प्युटरवाल्या नदाफनं काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी मांडली. एक इंटेलच्या प्रोसेसरचं, एक एएमडीच्या. आबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, आधी एक खोकं उचललं, मग दुसरं, मग दोन्ही हातांत एकेक धरून तोलून बघितलं. मी शेजारी उभी राहून दातओठ खात होते. प्रोसेसर म्हणजे काय वांगी आहेत का, हातानं तोलून घ्यायला?

दुसऱ्या दिवशी दसरा होता. बाहेर रस्त्यावर झेंडूचे ढीग लागले होते आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मुहूर्तावर कॉम्प्युटर घरी न्यायचा म्हणून अख्खं कराड त्या एवढ्याशा गाळ्यात घुसलं होतं. लोक येत होते, बोट दाखवत होते, सामान जोडून घेऊन जात होते. आबा मात्र सकाळपासून त्या दोन खोक्यांपाशी अडकलेले.

"मामा, हे घ्या नाहीतर ते घ्या," नदाफ म्हणाला. "तुमच्या पोराचं काम दोन्हीवर होतंय."

आबांनी मग पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं. दोन्हीच्या किमतीत फरक का? नदाफनं सांगितलं, इंटेलचं नाव मोठं, नावाचे थोडे जास्त जातात. एएमडी स्वस्त पडतो, काम तेवढंच करतो, उरलेल्या पैशांत मेमरी वाढवून मिळते. मग तो तापतो म्हणतात त्याचं काय? पंखा नीट बसवला की झालं, असं नदाफ म्हणाला. आणि उद्या विकायचा झाला तर? तर इंटेलला गिऱ्हाईक लवकर मिळतं. हे सगळं आबांनी याच माणसाच्या तोंडून आधी ऐकलेलं होतं, मला चांगलं माहीत होतं. तरी मान हलवत असे ऐकत होते की जसं काही आजच कळतंय.

"आबा, आज घेऊनच जायचं," मी म्हणाले.

"घेऊ की. पण धीरूला एकदा विचारायला पायजे."

"काल विचारलंत. परवा विचारलंत. तो काय पळून चाललाय का?"

हे बोलले आणि माझीच जीभ चावली. धीरू कुठं पळणार? आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. ते खोक्यावरचा पंख्याचा फोटो बघण्यात दंग झाले.

मी राग गिळायला म्हणून इकडंतिकडं बघायला लागले. मागच्या कोपऱ्यात, जुन्या मॉनिटरांच्या पलीकडं, एक नवा कोरा सीपीयू पिवळ्या कापडाखाली झाकून ठेवला होता. कापड थोडं सरकलं होतं आणि पुढच्या बाजूला कुंकवाचं बोट दिसत होतं. मी नदाफला विचारलं, हा कुणाचा, पूजा झालेली दिसतेय. नदाफनं एकदा आबांकडं बघितलं.

"हाय एका गिऱ्हाइकाचा," तो म्हणाला. "पैसे भरून गेलंय, न्यायला येत न्हाई."

"काय एकेक माणसं असतात," मी म्हणाले.

शेवटी आबांनी दोन्ही कंपन्यांची पत्रकं घडी करून शर्टाच्या खिशात घातली, दुकानाबाहेर पावशेर झेंडू घेतला आणि स्कूटरला किक मारली. घर येईपर्यंत मी मागं बसून एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, ही केवढी गोष्ट आहे ते.

माझा भाऊ धैर्यशील, घरातला धीरू, तेव्हा अठरा वर्षांचा होता. सातवीत असताना तो चालता चालता पडायला लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की याचे स्नायू एकेक करून सुकत जाणार, आधी पायांचे, मग हातांचे, मग आतले. औषध नाही. नववीपासून तो कॉटवर आणि चाकाच्या खुर्चीत होता. बारावीची परीक्षा त्यानं मला लिहायला बसवून दिली आणि माझ्या अक्षरामुळं मार्क कमी पडले असं वर्षभर मला ऐकवलं. असा होता. शरीरानं काडी, तोंडानं माझाच भाऊ.

त्याला चित्रं काढायचं वेड. आणि चित्रं कसली, तर गाड्यांची. आबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. लहानपणी ते त्याला डेपोत घेऊन जायचे आणि पोरगं घरी येऊन बसचा सांगाडा, गिअरबॉक्स, स्टिअरिंगचा दांडा असलं काहीतरी काढत बसायचं. त्या वर्षी मात्र त्याच्या हातातनं पेन्सिल सुटायला लागली. मनगट उचलेना. डॉक्टर म्हणाले, बोटं सगळ्यात शेवटी जातील, तोवर जे करायचं ते करू द्या. मी तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मला माहीत होतं की माउस धरायला मनगट उचलावं लागत नाही, हात टेबलावर टेकवून नुसत्या बोटांनी माणूस चित्र काढू शकतो. मी घरी येऊन सांगितलं, याला कॉम्प्युटर घ्यायचा. त्याची बोटं चालतायत तोवर घ्यायचा. आबांनी डेपोच्या सोसायटीतून पैसे उचलून ठेवले. म्हणजे पैशांचं अडलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

आता आबांचं सांगायला पाहिजे. मिरजेहून आल्यापासून आबांनी धीरूशी बोलणं सोडलं होतं. भांडण नाही, अबोला नाही. त्यांना त्याच्याकडं बघवतच नव्हतं. ड्युटीवरनं यायचे, मोरीत बसून कोपरापर्यंत हात घासायचे, बाहेरच्या खोलीत ताट घ्यायचे. "खाल्लं का त्यानं?" हे आईला विचारायचे, आणि तो हाकेच्या अंतरावर आत असायचा. त्याला उचलून खुर्चीत ठेवायचं काम त्यांचंच, पण तेसुद्धा तोंड भिंतीकडं करून, टायर उचलावा तसं. मला फार राग यायचा. आई म्हणायची, अगं, बापाचं काळीज आहे, तुला नाही कळायचं. मी म्हणायचे, काळीज आहे तर दाखवा की जरा त्याला.

धीरू कधी काही बोलला नाही. फक्त संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की त्याचं वाचन थांबायचं. मोरीतलं पाणी थांबलं, ताटाचा आवाज झाला, की परत पान उलटायचा.

क्लासमधनं मी कॉम्प्युटरची जुनी मासिकं आणायचे. त्यात दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर समोरासमोर ठेवून तुलना केलेली असायची, कुणी काम किती वेळात संपवलं, कोण किती रुपयांना, असं सगळं. धीरू ती मासिकं पाठ करायचा. एकदा आबा त्याच्या खोलीतनं टॉवेल घ्यायला आले आणि जाता जाता उघड्या पानावर नजर पडली म्हणून बोलून गेले, "इंटेलच चांगलं असणार. डीसी साहेबांच्या टेबलावर तेच हाय."

डीसी म्हणजे एसटीचे डिव्हिजनल कंट्रोलर. आबांच्या दृष्टीनं देवाच्या खालोखाल.

"साहेबांच्या टेबलावर आहे म्हणून चांगलं होय?" धीरू म्हणाला. "आबा, हा आकडा बघा आणि हा बघा."

आणि आबा बघायला वाकले. मग चष्मा आणायला गेले. मग कॉटच्या कडेला बसले.

मी दारात टॉवेल घेऊन उभी होते, त्यांना द्यायला. दिलाच नाही.

त्या दिवसापासनं रोज सुरू झालं. आबा आले, हात घासले, की चहाचा कप घेऊन थेट आत. इंटेल का एएमडी. आबा इंटेलचे, धीरू एएमडीचा. आबांचं म्हणणं, डब्यावरचा आकडा ज्याचा मोठा तो जोरात. गिगाहर्ट्झ का काय ते इंटेलचे जास्त आहेत, विषय संपला. धीरूनं त्यांना समजावायला किती दिवस घातले असतील. शेवटी एकदा तो म्हणाला, "आबा, इंजिन जास्त फिरलं म्हणजे गाडी जास्त ओढते का?"

"कसं ओढंल? ओढ वेगळी, फिरणं वेगळं."

"तसंच हे. हा कमी फिरतो, पण दर फेऱ्याला काम जास्त करतो."

आबांनी हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे कुंभार्ली घाटाचं इंजन की रं हे."

"तेच तर सांगतोय इतके दिवस."

आबा हसले. खूप वर्षांनी त्यांचं ते खालच्या पट्टीतलं हसणं ऐकलं आणि स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं. ती माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. आम्ही दोघी काहीच बोललो नाही, नजर लागेल म्हणून.

बोलता बोलता आबांच्या हाताला चाळा लागायचा. आधी चादर नीट कर, मग उशी सरळ कर, आणि मग एक दिवस धीरूचा पाय उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. खिडकीत तेलाची बाटली असायची, आई रोज चोळायची ती. आबांनी बोलता बोलता तेल घेतलं आणि पोटरीला चोळायला लागले, तोंडानं चालूच, की विकायच्या वेळी एएमडीला कोण विचारणार. रोजच्या ग्रीसनं त्यांच्या बोटांना काळ्या भेगा पडलेल्या. धीरूच्या पायावर मांस नव्हतंच. तेवढ्याशा पायावरनं तो एवढा मोठा हात सावकाश खालीवर जायचा. धीरू पंख्याच्या आवाजाबद्दल काहीतरी बोलत होता, ते मधेच विसरला आणि मग दुसरंच काहीतरी बोलला.

तर असं चाललं होतं, आणि मला ते बघून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण माझं एक लक्ष धीरूच्या बोटांकडं होतं. उन्हाळ्यात तो मासिकाचं पान सहज उलटायचा. श्रावणात अंगठा आणि शेजारची दोन बोटं उरली. गणपतीत तर पान पकडायलाच त्याला वेळ लागायला लागला. आणि आमच्या घरात अजून ठरत नव्हतं.

म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आबांना ओढत दुकानात नेलं, आणि काय झालं ते सांगितलंच. पत्रकं घेऊन परत.

दसऱ्याला आबांनी पाटावर आपले पाने, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर मांडले आणि हळदकुंकू लावलं. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, इथं एक कॉम्प्युटरपण असता. आबांनी पाटावरची हातोडी सरळ केली. संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर आबा कॉटवर बसले आणि, मला अजून आठवतंय, आपट्याची पानं धीरूच्या उशाशी ठेवून म्हणाले, "बरं बाबा, तुझंच खरं. एएमडी घेऊ."

मला वाटलं, सुटलो.

तर धीरू म्हणतो कसा, "नको आबा. मी विचार केला. इंटेलचं नवीन येतंय. दिवाळीनंतर जुन्याची किंमत उतरेल, तेव्हा तुमचंच घेऊ."

आणि आबांनी काय करावं? ते लगेच सरसावून बसले आणि एएमडीची बाजू घेऊन भांडायला लागले. तापलं तर काय होतंय, पंखा हाय की. साहेबाच्या टेबलाचं आपल्याला काय करायचंय? दोघांनी आपापल्या कंपन्या अदलाबदल केल्या आणि सामना परत पहिल्या चेंडूपासून सुरू. मी तिथनं उठून गेले. मागच्या दारी भांडी घासत बसले आणि भांड्यांवर राग काढला.

दिवाळीचा पाडवाही तसाच गेला. किंमत खरंच उतरली होती, मी नदाफकडं जाऊन विचारूनसुद्धा आले. धीरू म्हणाला, अजून उतरेल.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. ओवाळणी द्यायला त्यानं पाकीट मांडीवर धरलं होतं, आईनं धरायला दिलेलं. ते त्याच्या बोटांतनं खाली पडलं. त्यानं उचलायचा प्रयत्नही केला नाही, नुसतं बघितलं. आई बाहेर गेली, आबा बाहेर पाहुण्यांत होते. मी ताट खाली ठेवलं आणि दार लावून घेतलं.

"धीरू, तुला कॉम्प्युटर पाहिजे का नको, एवढंच सांग."

"पाहिजे की."

"मग हे काय चाललंय? आबा हो म्हणाले की तू नाही म्हणतोस. चित्रं काढायची होती ना तुला? कशानं काढणार आहेस, नाकानं?"

मला वाटलं चिडेल. चिडला नाही. खिडकीकडं बघत बसला. मग म्हणाला, "अक्का, मशीन आलं की आबा बसायचे बंद होतील."

मी म्हणाले, "काहीतरीच काय."

"आधी कुठं बसायचे?"

मी खाली पडलेलं पाकीट उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घ्यायचं ठरलं की बोलायचं काय राहिलं?" तो म्हणाला. "तू जोडून देशील. मी स्क्रीनकडं बघत बसेन. ते परत बाहेरच्या खोलीत जेवतील."

"बोटं जातील रे तुझी."

"ती जाणारच आहेत. डॉक्टर तुम्हाला बाहेर सांगत होते तेव्हा खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू आलंय. बोटं पण जाणार आणि आबा पण जाणार. मग माझ्याकडं काय राहील?"

मी त्याच्या कॉटपाशी खाली बसले आणि रडले. तो म्हणाला, आता तुझं नाक माझ्या चादरीला पुसू नकोस. मग हसला. मग मला शपथ घातली, आबांना यातलं काही सांगायचं नाही. मी घेतली.

त्यानंतर मी घाई करणं सोडलं. उलट नदाफकडं जाऊन नवी पत्रकं आणायला लागले. क्लासमधली ताजी मासिकं हळूच पिशवीत घालून आणायचे. नदाफ एकदा म्हणाला, ताई, तुमचं घर म्हणजे कमाल आहे, अजून ठरत नाही? मी म्हणाले, नाही ठरत. तो आणखी काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि राहिलं. तो पिवळ्या कापडाखालचा सीपीयू तसाच कोपऱ्यात होता.

मार्गशीर्षात धीरूचा अंगठाही गेला. आता पानं आबा उलटायचे. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, धीरू वाचायचा आणि मान हलवली की आबा पान पुढं करायचे. कधी कधी एकच पान बराच वेळ उघडं असायचं आणि दोघंही त्याच्याकडं बघत नसायचे. आबा डेपोतलं सांगत असायचे, कुठली गाडी कुठं बंद पडली, कुठल्या ड्रायव्हरनं कसा घाट उतरवला. मग धीरू आठवण करून द्यायचा, "आबा, आपलं ठरायचं राहिलंय हां." आबा म्हणायचे, "राहिलंय की. उद्या बघू."

माघात त्याच्या छातीत कफ धरला. खोकून बाहेर काढायला जोर लागतो, तो त्याच्यात नव्हता. दवाखान्यात नेलं. नाकातोंडावर मास्क, शेजारी सिलिंडर. आबांनी रजा टाकली आणि तिथल्या लोखंडी स्टुलावर बसले ते बसलेच. तिथंही तेलाची बाटली घेऊन आले होते. नर्स रागावली तर म्हणाले, पाय तेवढा चोळतो, बाकी कुठं हात लावत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. आबा त्याच्या कानाशी वाकले होते.

"धीरू, तुझंच घेऊ. एएमडी. ठरलं बघ."

धीरूनं डोळे उघडले. मास्कच्या आतनं बोललेलं नीट कळत नव्हतं, म्हणून आबांनी मास्क जरासा उचलला.

"थांबू आबा," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात उतरेल."

"बरं," आबा म्हणाले. "थांबू की. मला कुठं गडबड हाय."

संध्याकाळी तो गेला.

तेराव्यानंतर नदाफ भेटायला आला. आबांसमोर थोडा वेळ मान खाली घालून बसला. मी त्याला सोडायला दारापर्यंत गेले, तर चपला घालता घालता तो थांबला.

"ताई, मामांना आता विचारवत न्हाई. त्या सीपीयूचं काय करू?"

"कुठल्या सीपीयूचं?"

"कोपऱ्यातला. पिवळ्या कापडाचा. तुमचाच हाय तो. श्रावणात मामांनी सगळे पैसे भरून जोडून घेतलाय."

मला काही कळेना. मी म्हणाले, अरे, दसऱ्याला आम्ही दोघं आलो होतो, खोकी बघत होतो. तो म्हणाला, मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पोरीसमोर बोलू नकोस म्हणून. "दर आठवड्याला यायचे. कापड काढून पुसायचे. दसऱ्याला सकाळी दुकान उघडायच्या वेळी येऊन फूल वाहून गेले. मी म्हणायचो, मामा, न्या की आता. तर म्हणायचे, राहू दे अजून आठ दिवस, पोराशी बोलणं चाललंय."

नदाफ गेला. मी तशीच आत गेले. आबा धीरूच्या खोलीत कॉटच्या कडेला बसले होते, त्यांच्या नेहमीच्या जागी. गादी काढलेली होती, नुसत्या फळ्या. मला भयंकर राग आला होता.

"आबा, मशीन श्रावणात घेतलंत?"

त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "घेतलं."

"श्रावणात त्याचा अंगठा चालत होता. बोटं चालत होती. त्यानं काढली असती चित्रं. तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत हुतं." ते फळीकडं बघत म्हणाले. "रोज म्हणायचो, उद्या नेतो. आजचा एक दिवस बसतो."

"पण का?"

"नेलं असतं तर पोरगं त्याच्यात बघत बसलं असतं. माझ्याकडं कशाला बघतंय? मला दुसरं काय बोलता येतं गं त्याच्याशी? तेवढं इंजनाचं बोलणं येतं. ते कुठं तरी ह्या मशीनच्या बोलण्यात बसलं, म्हणून मला त्याच्यापाशी बसता आलं. इतकी वर्सं बसता येत नव्हतं."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. शपथ आठवत होती. पण ज्यानं घातली तो नव्हता, आणि ज्याच्यापासनं लपवायचं तो माझ्यासमोर फळ्यांवर बसला होता. मी सांगून टाकलं. भाऊबीजेचं सगळं. तो काय म्हणाला, कसा म्हणाला, ते सगळं जसंच्या तसं.

आबांनी ऐकून घेतलं. ते फळीवरनं हात फिरवत राहिले, जिथं त्याचा पाय असायचा तिथं.

"असं म्हणाला?"

"हो."

"येडं मला म्हणायचं, का त्याला म्हणायचं गं?" ते म्हणाले. आणि मग म्हणाले, "एवढी मोठी कॉट हाय. मशीन फुड्यात ठेवलं असतं, तर दोघंबी बसलो असतो की त्याच्याम्होरं."

तोपर्यंत आबा रडले नव्हते. दवाखान्यात नाही, घाटावर नाही. त्या दिवशी रडले. आई धावत आली, तिला वाटलं मीच काहीतरी बोलले. मी बोललेच होते.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. सीपीयू आम्ही घरी आणला. आत एएमडीच आहे, घाटाचं इंजिन. आबा आता ऐंशीला आले, पण दसऱ्याला पाटावर पाने, हातोडी मांडतात आणि शेजारी तो ठेवून त्याला हळदकुंकू लावतात. बाकी वर्षभर तो त्या खोलीत कॉटच्या पुढ्यात स्टुलावर असतो, वायरी गुंडाळलेल्या, पिवळं कापड घातलेलं. माझी लेक लहान असताना एकदा तिथं गेली आणि कापड उचलून तिनं विचारलं, आजोबा, हा चालू का नाही करत?

"करायचा की," आबा म्हणाले. "अजून ठरलं न्हाई."